विश्लेषण : फोटोतला लाल किडा नेमका कोणता?

पावसाळा सुरू झाला की पनवेलच्या सोसायट्यांच्या बागांत, कर्नाळ्याच्या पायवाटांवर चालणारा एखादा लाल ठिपका नजरेस पडतो. फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो आणि प्रश्न येतो, ‘हा चावतो का?’

मृगाचा किडा कसा ओळखावा?

ओल्या मातीवर संथ चालणारा, मखमली, गडद लाल आणि काही मिलिमीटरचा असेल, तर तो बहुधा मृगाचा किडा. तो साध्या फोटोतही ओळखू येतो आणि निरुपद्रवी असतो. किडा म्हटले तरी पाय आठ, नाते कोळ्याशी. वांगी, भेंडी, गुलाब यांच्या पानांमागे बारीक जाळीत असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा लाल कोळी. तो पानातला रस शोषतो, माणसाच्या वाटेला जात नाही. फोटो पानाच्या खालच्या बाजूचा घ्यावा, शेजारी पट्टी ठेवावी. नुसत्या रंगावरून केलेली ओळख फसते.

मग धोका कोणाचा?

चिगर माइटच्या अळीचा. तिला सहाच पाय, आकार पाव मिलिमीटरच्या आसपास. मोबाइलच्या फोटोत ती सापडणे कठीणच. गवतातून अंगावर चढून संसर्गित अळी चावली, की स्क्रब टायफसचे जिवाणू शरीरात शिरतात. साधारण दहा दिवसांनी ताप येतो. २०१८ मध्ये नागपूरसह विदर्भात या तापाने बळी घेतले. म्हणून किड्यापेक्षा काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी उमटलेली काळी, न दुखणारी खपली शोधावी आणि डॉक्टरांना दाखवावी. ती प्रत्येकाला उमटतेच असे नाही. गवतात वावरल्यानंतर ताप आला तर तेही सांगावे. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.