मागच्या रांगेतली चार पुस्तके

▪ सुलतानाज ड्रीम (१९०५) – बेगम रुकैया : पुरुष घरात बंद, कारभार स्त्रियांचा. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर, शत्रूचा पराभवही तिच्याच जोरावर. एका बैठकीत संपते.

▪ लड-इन-द-मिस्ट (१९२६) – होप मर्लीस : पऱ्यांच्या देशातून चोरून येणारी फळे आणि ती खाल्लेला नगराध्यक्षाचा मुलगा. सुरुवात संथ, धीर धरा.

▪ वॉर विथ द न्यूट्स (१९३६) – कारेल चापेक : मोती काढायला राबवलेले बुद्धिमान जलचर माणसांवरच उलटतात. उपरोध झणझणीत.

▪ रोडसाइड पिकनिक (१९७२) – स्त्रुगात्स्की बंधू : परग्रहवासी येऊन गेले, मागे राहिलेल्या जीवघेण्या वस्तूंचा चोरबाजार सुरू आहे. तारकोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ हा चित्रपट यावरूनच.

पहिल्यांदाच अशा अद्भुत कथांच्या वाटेला जात असाल, तर चापेकपासून सुरुवात करा.