मोटारीचे अंधुक दिवे

रात्री मोटार चालविणाऱ्याच्या दृष्टीने रस्ता म्हणजे पुढच्या दोन दिव्यांनी उजळलेला भाग. त्यापलीकडे काय आहे, कडेने चाललेला पादचारी, मागे दिवा नसलेली बैलगाडी की नादुरुस्त होऊन उभा राहिलेला ट्रक, हे प्रकाश तेथवर पोचल्याखेरीज त्याला कळू शकत नाही. म्हणून ब्रेक आणि टायर यांची जी काळजी आपण घेतो, तीच या दिव्यांचीही घ्यावयास हवी. परंतु दिव्यांचा बिघाड ब्रेकच्या बिघाडासारखा एकाएकी होत नाही. तो वर्षानुवर्षे आणि इतक्या सावकाश होतो की, रोज तीच मोटार चालविणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ‘हल्ली रात्री नीट दिसत नाही’ असे त्याला वाटते. क्वचित तो डोळे तपासून घेतो, क्वचित अधिक शक्तीचा बल्ब बसवितो. खरा दोष मात्र बल्बच्या पुढे असलेल्या, एके काळी स्वच्छ पारदर्शक असलेल्या आणि आता पिवळट, दुधी झालेल्या आवरणात असतो.

हा दोष पुष्कळदा घरच्या घरी, थोड्या खर्चात व दोन-तीन तासांच्या श्रमाने दूर करता येतो. मात्र हे आवरण अंधुक का होते हे समजून न घेता केलेला उपाय काही आठवड्यांतच व्यर्थ ठरतो. यास्तव प्रथम कारणांचा विचार करू.

काचेकडून प्लॅस्टिककडे

गॅरेजमधील कारागीर या आवरणाला आजही ‘काच’च म्हणतात, आणि एके काळी ती खरोखरच काच होती. आपल्याकडील जुन्या ॲम्बॅसिडर किंवा फियाट मोटारींचे गोल दिवे अनेकांना आठवत असतील. ते काचेचे होते. खडा लागून ते फुटत, पण पिवळे पडत नसत. अमेरिकेत तर १९४० पासून १९८३ पर्यंत ठरावीक मापाचे, काचेचे, बंदिस्त दिवे वापरणे बंधनकारक होते.

काचेची जागा ज्याने घेतली, ते पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक १९५३ मध्ये जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनिएल फॉक्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार केले. त्याचे वजन तेवढ्याच आकाराच्या काचेच्या निम्म्याहूनही कमी असते. ते सहजासहजी फुटत नाही. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणांचे पारदर्शक गोल याच प्लॅस्टिकचे होते. शिवाय साच्यात घालून त्याला हवा तो आकार देता येतो. मोटारीचे नाक निमुळते करून हवेचा विरोध कमी करू पाहणाऱ्या अभियंत्यांना असाच पदार्थ हवा होता. अमेरिकेतील नियम १९८३ मध्ये सैल झाला, युरोपात १९९० नंतरच्या दशकात प्लॅस्टिकच्या आवरणास मान्यता मिळाली आणि नव्या बांधणीच्या मोटारींबरोबर ते आपल्या रस्त्यांवरही आले.

या लाभाची किंमत दोन प्रकारे द्यावी लागली. पॉलिकार्बोनेट चिवट असले तरी मऊ असते. धुळीचा बारीक कणही त्यावर ओरखडा काढतो. दुसरे म्हणजे, ते उन्हाला टिकत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर कठीण, पारदर्शक द्रव्याचा एक लेप चढविलेला असतो. हा लेप केसाच्या जाडीहूनही पुष्कळ पातळ असतो. परंतु दिव्याचे आयुष्य त्याच्यावरच अवलंबून असते.

पिवळेपणा येतो कोठून?

सूर्यप्रकाशात जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण असतात. हल्ली त्यांना अतिनील किरण असेही म्हणतात. पॉलिकार्बोनेटचे लांबलचक रेणू हे किरण शोषून घेतात. त्यांच्या ऊर्जेने रेणूंतील काही बंध तुटतात, अणूंची जुळणी बदलते, हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि नवी संयुगे निर्माण होतात. ही संयुगे निळा प्रकाश शोषतात. म्हणून त्यांच्यातून येणारा प्रकाश पिवळा दिसतो. पृष्ठभाग ठिसूळ होऊन त्यावर सूक्ष्म तडे जातात, आणि त्या तड्यांत धूळ व पाणी शिरते.

कारखान्यातील लेप आहे तोवर तो हे किरण अडवितो. पण ऊन, पाऊस, वाळू आणि कोरड्या फडक्याने रोज पुसण्याची आपली सवय यांमुळे तो झिजतो व जागोजागी सुटू लागतो. एकदा तो गेला की पुढचे काम ऊन झपाट्याने करते. आपल्या अंगणातील मोटारीवर याची खूण पाहता येईल. जुने दिवे जवळजवळ उभे असत. हल्लीचे दिवे छपरासारखे मागे झुकलेले असतात. त्यामुळे त्यांचा आकाशाकडे असलेला वरचा भाग आधी पिवळा पडतो. रोज एकाच दिशेला तोंड करून उभ्या केलेल्या मोटारीचा उन्हाकडचा दिवा दुसऱ्याहून अधिक अंधुक झालेला असतो.

प्रकाशाचे नुकसान किती?

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये सुमारे ११ वर्षे वापरलेले दिवे तपासले, तेव्हा त्यांचा प्रकाश नव्या दिव्यांच्या केवळ २० टक्के भरला. घासून स्वच्छ केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत वाढला.

या आकड्यांचा रस्त्यावरील अर्थ ध्यानात येण्यासाठी एक ढोबळ हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर काटते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे मानले, तर तेवढ्यात २५ मीटर अंतर जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या ब्रेकने मोटार थांबण्यास आणखी सुमारे २३ मीटर लागतात. म्हणजे एकूण ४८ मीटर. आता असे समजू की, नव्या दिव्यांनी ६० मीटरवरचा माणूस दिसतो. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे प्रकाश २० टक्क्यांवर आला, तर तोच माणूस तेवढाच स्पष्ट दिसण्यासाठी २७ मीटरवर यावा लागेल. ब्रेकवर पाय पडेपर्यंत त्यांतील २५ मीटर संपलेले असतील. प्रकाश ७० टक्के असेल, तर तो सुमारे ५० मीटरवरून दिसेल आणि मोटार त्याच्या अलीकडे कशीबशी थांबेल.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. धूसर आवरणातून हरवलेला प्रकाश नाहीसा होत नाही, तो इतस्ततः विखुरतो. खाली रस्त्यावर पडावयाचे किरण वर व बाजूला जातात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवितात. म्हणूनच अंधुक दिव्यात ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक वॉटचा बल्ब बसविणे हा उपाय नव्हे. त्याने विखुरणारा प्रकाशही वाढतो. शिवाय उष्णतेने बल्बचे बैठक-घर, तारा आणि मागचा चकचकीत परावर्तक खराब होतो.

आधी परीक्षा, मग उपाय

काम हाती घेण्यापूर्वी दिव्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ओला असताना दिवा बराच स्वच्छ दिसला आणि वाळताच पुन्हा दुधी झाला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे असे बहुधा समजावे. पाणी तेथील खाचा भरून काढते, त्यामुळे प्रकाश विखुरणे तात्पुरते थांबते. असा दिवा सुधारण्याजोगा असतो. ओला असतानाही तो तसाच अंधुक दिसला, आत दव जमलेले असले, मागच्या परावर्तकाची चकाकी गेलेली असली किंवा आवरणात खोल तडे असले, तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही. तेथे दुरुस्ती आतून करावी लागते किंवा दिवा बदलावा लागतो.

साबणाच्या पाण्याने दिवा धुऊन वाळू द्यावा. तो विझलेला व थंड असावा. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवावेत. घासताना हात निसटला तर बॉनेटचा रंग खरवडतो.

यानंतर हार्डवेअरच्या दुकानात ‘वॉटर पेपर’ या नावाने मिळणारा, पाण्यात भिजवून वापरावयाचा पॉलिश पेपर घ्यावा. त्याचा क्रमांक जितका मोठा, तितके त्यावरील कण बारीक. ८०० क्रमांकाच्या कागदावरील कण सरासरीने सुमारे २२ मायक्रोमीटरचे, तर २००० क्रमांकाचे सुमारे १० मायक्रोमीटरचे असतात. ८०० पासून आरंभ करून १२००, २००० आणि मिळाल्यास ३००० अशा क्रमाने जावे. कागद व दिवा सतत ओले ठेवावेत. पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकल्यास कागद सहज सरकतो. पहिला कागद आडवा फिरविला असेल, तर दुसरा उभा फिरवावा. म्हणजे आधीचे ओरखडे शिल्लक आहेत की गेले, हे स्पष्ट दिसते. सुरुवातीला निघणारा लगदा पिवळसर असतो. तो पांढरा दिसू लागला की खराब झालेला थर निघाला असे समजावे.

या टप्प्यावर दिवा न्हाणीघराच्या खिडकीच्या दुधी काचेसारखा दिसू लागतो. प्रथमच हे काम करणारा येथे घाबरतो, आणि दिवा कायमचा बिघडला असे समजून हात आखडतो. पण ते आवश्यकच असते. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे खोल ओरखडे पुसून त्यांच्या जागी उथळ ओरखडे ठेवतो. ते प्रकाशलहरींच्या लांबीच्या तुलनेत अगदी नगण्य झाले, म्हणजे प्रकाश न विखुरता सरळ पार जाऊ लागतो. ही शेवटची पायरी प्लॅस्टिकसाठी चालणाऱ्या रबिंग कंपाउंडने साधते. ते मऊ सुती फडक्यावर घेऊन लहान वर्तुळांत घासावे. ड्रिलला स्पंजाची चकती लावून काम करणाऱ्याने वेग कमी ठेवावा व एकाच जागी दाब देऊ नये. घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होऊन खराब होते.

गेलेले कवच परत देणे

येथे दिवा नव्यासारखा चमकू लागतो, आणि बहुतेक लोक येथेच थांबतात. हीच या कामातील मोठी चूक होय. घासताना पिवळ्या थराबरोबर कारखान्यातील लेपाचे उरलेसुरले अवशेषही आपण काढून टाकलेले असतात. आता उघडे पॉलिकार्बोनेट थेट उन्हासमोर आले आहे. तसेच सोडल्यास काही आठवड्यांत वा महिन्यांत ते पुन्हा पिवळे पडेल. टूथपेस्ट चोळून दिवे उजळतात हे म्हणणे खोटे नाही. तिच्यातही घासणारी बारीक पूड असते. पण ती फारसे खोल घासू शकत नाही आणि मागे कोणतेही संरक्षण ठेवीत नाही. कीटकांना दूर ठेवणारे मलम किंवा फवारा लावून मिळणारी चमक तर त्याहून फसवी. त्यातील द्रावक पृष्ठभाग किंचित विरघळवितो, एवढेच. पेट्रोल व थिनर यांनी दिवा कदापि पुसू नये. त्यांमुळे पॉलिकार्बोनेटमध्ये जाळीदार तडे जातात आणि त्यांना उपाय नसतो.

म्हणून घासणे संपताच, शक्यतो त्याच दिवशी, जंबुपार किरणांना रोखणारा पारदर्शक लेप द्यावा. दिवे दुरुस्तीच्या तयार संचांत तो मिळतो, किंवा प्लॅस्टिकसाठी बनविलेले पारदर्शक लॅकर घेता येते. वेष्टनावर या किरणांपासून संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे ना, हे पाहून घ्यावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पृष्ठभाग तेलकटपणापासून मुक्त करावा आणि मग हात लावू नये. सावलीत, वारा व धूळ नसलेल्या जागी, कोरड्या हवेत दोन-तीन पातळ थर द्यावेत. एकच जाड थर ओघळतो. पावसाळी दिवस टाळावा. लेप पुरता वाळेपर्यंत, म्हणजे वेष्टनावर सांगितलेल्या वेळेपर्यंत, दिव्याला पाणी लागू देऊ नये. ज्या लॅकरमध्ये ते कठीण करणारे दुसरे द्रव्य मिसळावे लागते, त्याच्या फवाऱ्यात दमा उत्पन्न करू शकणारी आयसोसायनेट द्रव्ये असू शकतात. ते योग्य मुखवटा असलेल्या कारागिराकडूनच लावून घेणे श्रेयस्कर. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर निदान मोटारीचे मेण चोळावे; मात्र ते फार काळ टिकत नाही, म्हणून पुनःपुन्हा लावावे लागते.

काम कितपत साधले, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. घासण्यापूर्वी संध्याकाळी मोटार सपाट जागेवर, भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करून दिवे खाली झुकविलेल्या स्थितीत लावावेत आणि भिंतीवरील प्रकाशाची वरची कड पाहून ठेवावी. नंतर त्याच जागेवरून पुन्हा पाहावे. आधी ही कड पसरट व अस्पष्ट असते. काम नीट झाले असेल तर ती रेखीव दिसते. प्रकाश वर गेल्यासारखा वाटला, तर दिव्याचा कोनही जुळवून घ्यावा.

घरी दिलेला लेप कारखान्यातील लेपाइतका टिकाऊ नसतो. तो दिल्याची तारीख लिहून ठेवावी, दर काही महिन्यांनी दिव्याचा वरचा भाग न्याहाळावा आणि लेप विरू लागताच, पिवळेपणा खोल जाण्यापूर्वी, नवा द्यावा. मोटार सावलीत उभी करणे, ते न जमल्यास निदान तिच्या तोंडावर आच्छादन घालणे आणि दिव्यांवरची धूळ कोरड्या फडक्याऐवजी भरपूर पाण्याने काढणे, एवढ्या सवयींनीही लेपाचे आयुष्य वाढते. वरच्या हिशेबातील २७ आणि ५० मीटर यांमधले अंतर एवढ्याशा श्रमाने परत मिळत असते, आणि ते केवळ मोटार चालविणाऱ्याच्या उपयोगाचे नसते. रात्री रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या ज्या माणसाला या मोटारीच्या दिव्यांविषयी काहीच ठाऊक नसते, त्याच्या सुरक्षिततेचा तो प्रश्न असतो.