पटाबाहेरचे तास

2024च्या मार्चमध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने लागोपाठच्या दोन दिवशी दोन शासन निर्णय काढले. 14 मार्चच्या निर्णयाने पहिली ते आठवीच्या मुलांना ‘आनंददायी शनिवार’ मिळाला. योग-प्राणायाम, खेळ, रस्ते सुरक्षा, रोजच्या पैशांचा हिशोब, सगळे काही त्यात आहे. 15 मार्चच्या निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे, नवे निकष आणले. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला, तर तिथे शिक्षकाचे पदच मंजूर होणार नाही, असे त्यात ठरले. शनिवार आला आणि तो घेणारे गुरुजी गेले. शिक्षक संघटनांनी दुसऱ्या निर्णयावर रान उठवले आणि ते योग्यच होते. पण रायगडच्या पेण आणि रोहा तालुक्यांतल्या पालकांनी हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. त्यांच्या मुलांच्या शाळेत काय मिळणार नाही, ते त्यांत स्पष्ट दिसते.

सहावी ते आठवी हा आपल्या शिक्षणव्यवस्थेतला सगळ्यात दुर्लक्षित टप्पा आहे. पहिली-दुसरीसाठी निपुण अभियान, माता पालक गट, शाळापूर्व तयारीचे मेळावे. दहावीला तर अख्खे घर कामाला लागते. मधली तीन वर्षे कुणाचीच नाहीत. जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीला संपते, कुठे पाचवीला, कुठे सातवीला. मग पोर एसटीने नाहीतर सहाआसनी रिक्षाने पेण शहरात, वडखळला, नागोठण्याला किंवा कोलाडला हायस्कूल गाठते. ज्यांना परवडते त्यांच्या दारात इंग्रजी माध्यमाची पिवळी बस आधीच उभी असते. गावच्या शाळेचा पट घसरतो आणि पटाबरोबर पदेही जातात. वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात 14,783 असल्याचा सरकारचाच आकडा 2023 साली लहान शाळा एकत्र करणाऱ्या समूह शाळांची चर्चा सुरू झाली तेव्हा सगळीकडे फिरत होता. त्या शाळांत 1,85,467 मुले शिकत होती.

2009च्या शिक्षण हक्क कायद्यातली एक बारीकशी अट मात्र या चर्चेत फारशी कुणी काढत नाही. कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक शाळेसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव या तीन विषयांसाठी अर्धवेळ निदेशक द्यायचे, पण ते सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तरच. पेणच्या डोंगराकडच्या वाडीत किंवा कुंडलिका नदीच्या काठच्या एखाद्या गावात या तीन वर्गांत मिळून शंभर मुले कुठून आणायची? त्यामुळे चित्रकला, गाणे, हस्तकला आणि शिस्तीत शिकवलेला खेळ या गोष्टी लहान शाळेतल्या मुलाला कायद्यानेच मिळत नाहीत. शिक्षक कामचुकार आहे म्हणून नव्हे, तर नियमच तसा आहे म्हणून.

आणि याचा हिशोब गुणपत्रिकेत होतो. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात 7 गुण वाढतात, ब मिळाली तर 5, क मिळाली तर 3. शहरातल्या मोठ्या शाळेत चित्रकलेचे सर असतात. ते अर्ज भरून घेतात, स्थिरचित्र आणि संकल्पचित्राचा सराव करून घेतात. लहान शाळेतल्या मुलाला ही परीक्षा असते हेच पुष्कळदा नववीत कळते.

हे पेण तालुक्यात घडावे, याला काय म्हणावे? पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात गणपतीच्या कारखान्यांवर हजारो घरे चालतात. इथल्या मूर्ती मुंबई-पुण्यालाच काय, परदेशातही जातात. कारखान्यात आखणी करणाऱ्या बाईच्या शेजारी घटकाभर बसून पाहावे. बाकीचे रंगकाम कुणीही उरकते. डोळे मात्र ठरलेल्या हातांकडेच जातात. उजव्या मनगटाला डाव्या हाताचा टेकू, ब्रशला मोजकेच केस. आधी पांढरा भरून घ्यायचा, मग वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची, शेवटी बुबुळ. दोन्ही डोळ्यांची नजर एका ठिकाणी मिळाली नाही तर मूर्ती तिरळी दिसते आणि गिऱ्हाईक ती उचलत नाही. प्रमाणबद्धता, रंगांचे मिश्रण, उजेड-सावली हे सगळे या बाईच्या बोटांत आहे. तिची मुलगी सातवीत आहे असे धरा. त्या मुलीच्या शाळेत चित्रकलेला शिक्षक नाही, कारण पट शंभर नाही. कारखाना आणि शाळा यांच्यात हाकेचे अंतर, पण कारखान्यातले कौशल्य शाळेत यायला वाट नाही. गांधीजींनी वर्ध्याला 1937 साली नई तालीम मांडली तेव्हा हाताच्या कामातूनच शिक्षण व्हावे असा आग्रह धरला होता. त्यांचे शिष्य विनोबा याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे.

शाळेला मदत करायला आपले लोक मागे नसतात. ‘शैक्षणिक उठाव’ म्हटले की कुणी फरशी देते, कुणी टीव्ही, कुणी पाण्याची टाकी. पंखा दिला तर पात्यावर देणाऱ्याचे नाव, आणि पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, ही गंमत कुठल्याही शाळेत पाहावी. दोळवीचा पोलाद कारखाना आणि धाटावची औद्योगिक वसाहत जवळ असल्याने कंपन्यांच्या सामाजिक निधीतूनही वस्तू येतात. वस्तू देणे सोपे असते, एकदा दिली की देणारा मोकळा. ‘दर शनिवारी मी दोन तास येईन’ हे दान मात्र कोणत्याच शाळेच्या देणगीदार फलकावर दिसत नाही.

पालकांनीच सुट्टीच्या वारी शाळेत मुलांसाठी वर्ग भरवावा, हे रायगड जिल्ह्याला जमणार नाही, असे म्हणायची मात्र सोय नाही. आठवड्याचा ठरलेला वार, ठरलेली वेळ, बिनपैशाची बैठक, घरचे खाऊन दुसऱ्यांसाठी जाणारी माणसे ही शिस्त या जिल्ह्याने देशाला दाखवली आहे. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म 1920चा, रोह्याचा. त्यांच्या आजोबांनी नातवासाठी शाळेच्या चाकोरीबाहेरचा अभ्यासक्रम स्वतः आखून दिला. पुढे त्यांच्या स्वाध्याय परिवाराची बालसंस्कार केंद्रे गावोगाव चालू लागली, आणि ती चालवणारे स्वयंसेवक मानधन घेत नाहीत. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी 1943 साली सुरू केलेल्या श्रीबैठकीची घडीही तीच. लावणीच्या दिवसांत चिखलातून येऊनही बैठक न चुकवणारी घरे पेण-रोह्यात आजही गल्लोगल्ली सापडतील. त्या बैठकांचा मजकूर शाळेत आणावा असे माझे म्हणणे नाही. शाळा सर्व जातिधर्मांची आहे. पण जी माणसे निरूपणासाठी दर आठवड्याला वेळ काढतात, त्यांना अपूर्णांकासाठी किंवा लेझमासाठी तो काढता येणार नाही, हे पटत नाही.

पालकांनी चालवलेल्या अशा कामाचे नमुने मराठी माणसांकडे आहेत. ‘पालकनीती’ मासिक 1987 साली पुण्यात निघाले. त्याच परिवाराने पुढे लक्ष्मीनगरच्या वस्तीत ‘खेळघर’ उभे केले. ते शाळेला पर्याय म्हणून निघाले नाही, शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी शाळेनंतरची जागा म्हणून निघाले. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा सुट्टीच्या वारीच भरतात, आणि तिथे शिकवणारे बहुतेक जण पालकच असतात. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला 2025 साली जागतिक पातळीवरच्या उत्कृष्ट शाळा स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथल्या ‘विषयमित्र’ पद्धतीत मुलेच एकमेकांना शिकवतात. मात्र जालिंदरनगर असो वा त्याआधी गाजलेली वाबळेवाडी, दोन्हींच्या मागे दत्तात्रय वारे हे एक शिक्षक आहेत. शिक्षकाची बदली होते, पालकांची होत नाही. म्हणून अशा वर्गाचे सूत्रधार पालक असावेत आणि शिक्षक पाहुणा म्हणून यावा, हे मला जास्त टिकाऊ वाटते. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने शिक्षकांना खासगी शिकवणीची बंदी आहे. शिक्षकाने वर्ग चालवला की कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही.

घसरण कुठे होते, हेही बोलले पाहिजे. सुट्टीच्या वारी वर्ग सुरू झाला की तीन-चार आठवड्यांत कुणीतरी हमखास विचारतो, ‘स्कॉलरशिपचं बघा ना जरा.’ त्याची अपेक्षा चुकीची नाही. आठवीतल्या ‘एनएमएमएस’ परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरात ही रक्कम हलकी नाही. पण त्या परीक्षेसाठी बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तिका सोडवत बसायचे ठरले, की वर्ग सात-आठ हुशार मुलांचा होतो आणि बाकीची मुले रविवारी क्रिकेटला जातात. मग त्याची फी ठरते, आणि गावात आणखी एक क्लास उभा राहतो. परीक्षेची तयारी पावसाळा संपल्यावर वेगळ्या तासाला ठेवावी. मूळ वर्गात खडू, सुतळी, फूटपट्टी, शाडू, गोष्टीची पुस्तके आणि मैदान एवढेच असावे.

वेळापत्रक बसवणे हा तर स्वतंत्र विषय आहे. रोह्याला मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते. दिवा-रोहा गाडीने पनवेल-मुंबईकडे कामाला जाणारा बाप घरी सापडतो तो रविवारी. धाटावच्या रासायनिक कारखान्यात शिफ्ट करणाऱ्याची साप्ताहिक सुट्टी मात्र बुधवारीही येऊ शकते. शनिवारची शाळा सकाळची असते, दुपारी वर्ग मोकळे असतात. पण भाद्रपदाआधीचे दोन महिने आखणी करणाऱ्या बाईला शनिवार नाही की रविवार नाही. तिला ऑक्टोबरनंतर बोलवा, तेव्हा ती येईल. धाटावचा तंत्रज्ञ दाब, तापमान, झडप आणि प्रवाह चित्र काढून फार सुंदर समजावू शकतो. त्याने कारखान्यातले काही पिशवीत घालून आणू नये, एवढे आधीच बजावलेले बरे.

या सगळ्यात कातकरी मूल कुठे बसते? पेण आणि रोह्याच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमाती. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरी सहावी-सातवीतले कातकरी पोर एकदा भट्टीवर लहान भावंडे सांभाळायला लागले, की आठवीच्या हजेरीपत्रकात नावापुरतेच उरते. सुट्टीच्या वर्गाचे वर्ष जानेवारी ते एप्रिल असे आखले, तर ही मुले त्यातून आपोआप बाहेर पडतात आणि बाहेर पडली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून वर्गातला जो गाभा आहे, तो जून ते ऑक्टोबर या काळातच घ्यावा. लावणीचे दोन-तीन आठवडे सुटतील, सुटू द्यावेत. आणि कातकरी बापाला मासे धरण्याची, रानभाज्यांची, साप ओळखण्याची माहिती आहे. एखाद्या शनिवारी त्याला मुलांपुढे उभे करावे. परिसर अभ्यासाचा इतका चांगला तास पाठ्यपुस्तकातून निघत नाही.

कायदा यात पालकांच्या बाजूने आहे, ही गोष्ट मात्र पालकांनाच माहीत नसते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे तिचे काम आहे. प्रत्यक्षात काय चालते? मुख्याध्यापक ठराव लिहितात, अध्यक्ष सही करतात आणि आयांना सहीसाठी घरून बोलावून घेतात. विकास आराखड्यात भिंत आणि शौचालय असते, तास नसतात. सुट्टीच्या वारी वर्ग भरवायचा तर या समितीच्या ठरावाशिवाय एक पाऊलही पुढे पडत नाही. शाळा उघडायची तर किल्ली लागते, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. ते पेणला नाहीतर अलिबागला राहतात. रविवारी काही मोडले, कुणी पडले, तर जाब त्यांनाच द्यावा लागतो, त्यामुळे ते किल्ली सहजी देत नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ठरावात किल्ली कोणत्या दोन पालकांकडे राहील त्यांची नावे घालावीत, मुलींच्या वर्गाला एक आई हजर राहीलच असे लिहावे, पाणी आणि शौचालय कोण पाहील ते नमूद करावे आणि वर्गाची वेगळी हजेरी वही ठेवावी. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांकडे द्यावी. विज्ञान-गणिताचे रिकामे पद भरण्याची मागणी त्याच बैठकीत, वेगळा ठराव करून पंचायत समितीला पाठवावी. ती राहून गेली, तर पुढच्या वर्षी साहेब पाहणीला येतील आणि म्हणतील, ‘तुमचं तर छान चाललंय पालकांवर, शिक्षक कशाला हवा?’