पिंपरी-चिंचवडची बस : एक घरगुती प्रश्न

प्रपंचाच्या गोष्टी म्हटल्या की धान्याचे भाव, मुलांचे शिक्षण, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी, घरातील लग्नकार्ये ह्यांचा विचार प्रत्येक घरी होतो, आणि तो व्हावयासच पाहिजे. परंतु सकाळी घराबाहेर पडलेली माणसे आपापल्या कामाच्या ठिकाणी कशी पोहोचतात व दिवेलागणीस सुखरूप परत कशी येतात, हा विषय मात्र कोणी प्रपंचात धरीत नाही. तो महानगरपालिकेचा, सरकारचा, फार झाले तर वर्तमानपत्रातील पत्रव्यवहाराचा विषय, अशी आपली समजूत असते. आमच्या मते ही समजूत बरोबर नाही. ज्या घरात आठ-दहा माणसे नांदतात, त्या घराचे अर्धे स्वास्थ्य रस्त्यावरच्या गाडीवर अवलंबून असते; आणि ही गोष्ट अत्यंत स्पष्टपणे जेथे दिसते, ते स्थळ म्हणजे पिंपरी-चिंचवड व त्यापलीकडील चाकणचा औद्योगिक पट्टा होय.

चिंचवड हे नाव आपल्या लोकांस मोरया गोसावींच्या समाधीमुळे व चापेकर बंधूंमुळे पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. चाकण म्हणताच १६६० साली संग्रामदुर्ग लढविणारा फिरंगोजी नरसाळा आठवतो, आणि गृहिणींस तेथील कांद्याचा बाजार आठवतो. ह्या शांत गावांचे रूप स्वातंत्र्यानंतर पालटले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीस झाली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर तर कारखान्यांची रांगच लागली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ह्यांची मिळून नगरपालिका झाली आणि अवघ्या बारा वर्षांत, म्हणजे १९८२ साली, तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारीत येथील वस्ती १७ लक्ष २७ हजारांवर गेलेली होती.

ह्या भूमीचे वैशिष्ट्य असे की, येथे मुख्यत्वेकरून वाहनेच निर्माण होतात. टेल्कोच्या मालमोटारी पिंपरीहून देशभर गेल्या. बजाजची स्कूटर आकुर्डीहून घरोघरी पोहोचली. कै. नवलमल फिरोदिया ह्यांच्या खटपटीने स्वातंत्र्याच्या प्रारंभीच्या काळात तीनचाकी रिक्षा आपल्या देशात आली. पुढे १९५८ साली जर्मनीतील हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने त्यांनी बजाज टेम्पो ही कंपनी काढली. त्या कंपनीच्या गाड्या इतक्या रुळल्या की ‘टेम्पो’ हे परदेशी कंपनीचे नाव आपल्या भाषेत सामान्यनाम होऊन बसले! आता चाकणला मोटारींचे व मोटारसायकलींचे मोठमोठे कारखाने आहेत. असे असून ह्याच पट्ट्यात संध्याकाळी फाट्याफाट्यावर माणसांचे थवे गाडीची वाट पाहत उभे असतात. दिवसभर वाहने जोडणाऱ्यास घरी जाण्यास वाहन मिळू नये, ह्याला दिव्याखाली अंधार म्हणतात.

बससेवेचा इतिहास थोडक्यात असा आहे. पुणे महानगरपालिका १९५० साली झाली व त्याच वर्षी शहराची बससेवा तिच्याकडे आली. पिंपरी-चिंचवडने आपली स्वतंत्र सेवा १९७४ साली सुरू केली. दोन शहरे वाढत वाढत एकमेकांस भिडली, तेव्हा दोन निरनिराळ्या व्यवस्था ठेवण्यात अर्थ उरला नाही, म्हणून २००७ साली दोन्हींचे एकीकरण होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. लोक त्यास ‘पीएमपी’ म्हणतात. त्यात पुण्याचा वाटा शेकडा ६० व पिंपरी-चिंचवडचा ४० आहे, आणि येणारी तूटही ह्याच प्रमाणात सोसावी लागते.

आता गाड्या किती असाव्यात हे पाहू. केंद्र सरकारने २००९ साली नागरी वाहतुकीची जी मोजमापे ठरविली, त्यांत दर हजार वस्तीस ०.६ बस, म्हणजे एक लक्ष वस्तीस ६० बस, हे उत्तम मान धरले आहे व ४० च्या खाली जाणे हे उणेपणाचे लक्षण मानले आहे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे दोन्ही शहरांची मिळून वस्ती ४८ लक्षांच्या वर होती. ह्या हिशेबाने त्या वेळच्या वस्तीलाच सुमारे २,९०० गाड्या पाहिजेत. त्यानंतर वस्ती पुष्कळ वाढली. पण महामंडळाच्या स्वतःच्या व ठेकेदारांच्या मिळून गाड्या दोन हजारांच्या आसपासच राहिल्या आहेत. ह्यांतूनच शहराबाहेरच्या गावांनाही गाड्या पुरवावयाच्या असतात. उणीव कोठे आहे हे समजण्यास ह्याहून अधिक गणित नको.

जेथे बस उणी पडते तेथे दुसरे कोणीतरी उभे राहतेच. भोसरी, निगडी, चिंचवड, चाकण येथील चौकांत ‘एक सीट, एक सीट’ अशी हाळी ज्याने ऐकली नाही असा मनुष्य विरळा. तीनचाकी रिक्षा, सहा आसनी टमटम, जीप ह्यांची ही वाहतूक. दक्षिण महाराष्ट्रात हिलाच ‘वडाप’ म्हणतात. ही गोष्ट आपल्याकडेच आहे असे नाही. मनिला शहरातील जीपनी आणि नैरोबीतील मतातू ही ह्याच कुळातील भावंडे होत. कायद्याने पाहू गेल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात टप्पा वाहतूक व कंत्राटी वाहतूक असे दोन भेद आहेत. वाटेत थांबून प्रत्येक उतारूकडून वेगळे भाडे घ्यावयाचे, ती पहिली. संपूर्ण वाहन एका गिऱ्हाइकास द्यावयाचे, ती दुसरी. रिक्षाचा परवाना दुसऱ्या प्रकारचा असतो. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने ज्या मार्गावर सामायिक रिक्षा मंजूर केली असेल, तेथेच माणशी भाडे घेता येते. व्यवहारात मात्र मंजूर मार्ग व नामंजूर मार्ग ह्यांतील भेद उतारूस कळत नाही, आणि तीन जणांच्या जागी पाच जण बसतात.

रिक्षावाल्यांस नावे ठेवण्याची आपल्या पांढरपेशा घरांत जी चाल आहे, ती आम्हांस पसंत नाही. पावसात, अपरात्री, आडवळणाच्या वस्तीत जी गाडी येते ती त्याचीच. बसने टाकून दिलेल्या माणसास त्याने उचलले, हे त्याचे उपकारच मानले पाहिजेत. तरीपण दोहोंच्या धर्मात एक मूलभूत अंतर आहे, ते विसरून चालणार नाही. सामायिक रिक्षा भरली की निघते. बस वेळ झाली की निघते. रिक्षावाल्यास पोट आहे, म्हणून रिकाम्या जागेचा तोटा तो सोसू शकत नाही. त्याची वाट उतारूंनी पाहावयाची. बसने मात्र दोन माणसे असली तरी निघावयाचे, आणि त्या दोघांचा तोटा सर्व समाजाने वाटून घ्यावयाचा, असा संकेत आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास पहिली एस. टी. सुटली, तेव्हापासून हाच संकेत आपल्या खेड्यापाड्यांनी मानला. म्हणून बस ही केवळ स्वस्त गाडी नव्हे. ते वेळेचे वचन आहे. हे वचन मोडले की बस राहते, पण तिचा अर्थ जातो.

वचन मोडते कसे, हेही समजून घेतले पाहिजे. ‘अर्धा तास एकही गाडी नाही आणि मग दोन एकदम,’ ही तक्रार सर्वांच्या तोंडी असते, व तीत चालक-वाहकांचा आळस शोधला जातो. वस्तुतः कारण निराळे असते. एखादी गाडी वाहतुकीत पाच मिनिटे अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी अधिक माणसे जमतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो. त्यापुढील थांब्यावर गर्दी आणखी वाढते. मागून येणाऱ्या गाडीस मात्र माणसे कमी मिळतात, म्हणून ती वेगाने येऊन पहिलीस गाठते. तासात ४ गाड्या असल्या तर १५ मिनिटांस एक गाडी यावी. पण त्या जोडीने येऊ लागल्या की प्रतीक्षा ३० मिनिटांवर जाते. गाड्या तितक्याच, खर्च तितकाच. परंतु सेवा निम्मी. ह्यावर उपाय दोन : बसला मोकळा रस्ता देणे, आणि वाटेत गाड्यांमधील अंतर सांभाळणारा माणूस नेमणे.

पहिल्या उपायाकडे पिंपरी-चिंचवडने लक्ष दिले, हे मान्य केले पाहिजे. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ साली बससाठी राखीव मार्गाची प्रथा घातली. तिचेच अनुकरण करून सांगवी ते किवळे हा मार्ग २०१५ च्या सप्टेंबरात, नाशिक फाटा ते वाकड हा त्याच वर्षी आणि निगडी ते दापोडी हा २०१८ साली सुरू झाला. पुढे मेट्रोही आली. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी, १ ऑगस्ट २०२३ रोजी तेथून शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत ती पोहोचली. ही सोय मोठीच आहे. परंतु मेट्रो आल्याने बसची गरज कमी झाली असे मानणे चूक ठरेल. ‘भोसरी’ ह्या नावाने सुरू झालेले स्थानक घ्या : नाव भोसरीचे दिले होते, जागा मात्र नाशिक फाट्याची, भोसरी गाव तेथून दूरच राहते. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून चालू आहे, तिच्याही स्थानकांची हीच कथा. रूळ हमरस्त्याच्या कडेने जातात, आणि माणसे तर आतल्या वस्त्यांत राहतात. स्थानक ते घर हे शेवटचे दोन-तीन मैल ज्याने जोडले नाहीत, त्याने प्रवास जोडला असे म्हणता येत नाही.

चाकणची गोष्ट आणखी अवघड. भोसरीहून नाशिकच्या रस्त्याने मोशी, इंद्रायणीचा पूल, कुरुळी, आळंदी फाटा असे करीत सुमारे १५ किलोमीटरांवर चाकण येते. तेथे रेल्वे नाही, मेट्रो नाही. जो काही भार आहे तो एकाच रस्त्यावर. त्यावर मालमोटारी, कंपन्यांच्या बसगाड्या, दुचाकी व रिक्षा ह्यांची सरमिसळ. कायम नोकराला कंपनीची बस घराजवळ आणून सोडते. कंत्राटी कामगारास, शिकाऊ उमेदवारास व लहान कारखान्यातील स्त्रीकामगारास बहुधा असा आश्रय नसतो. पाळी तर पहाटे सुरू होते व रात्री उशिरा सुटते. शिवाय चाकण ही स्वतंत्र नगरपरिषद. महामंडळाच्या ६० अधिक ४० ह्या भांडवलात तिचा वाटा नाही. ज्या गावाच्या उद्योगावर साऱ्या जिल्ह्याची भरभराट चालते, ते गाव बसच्या बाबतीत कोणाचेच नाही, असा हा प्रकार आहे.

ह्या सर्वांचा घराशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, वचन मोडले म्हणजे घर आपला बंदोबस्त करू लागते. थोरल्यासाठी एक दुचाकी, धाकट्यासाठी दुसरी, सुनेसाठी तिसरी. मग एक मोटार. रस्ता ह्या वाहनांनी भरतो, बस त्यांत अडकते, अधिक उशिरा येते, आणि उरलेली घरेही कर्ज काढून दुचाकी घेतात. हे चक्र आपणच फिरवितो आणि आपणच त्याखाली सापडतो. त्यातही जे वाहन चालवू शकत नाहीत त्यांचे काय? शाळकरी मुलगा, संकष्टीस मोरयाच्या दर्शनाला निघालेली आजी, एकादशीस आळंदीला जाऊ पाहणारे आजोबा, गणेशखिंडीतील विद्यापीठात शिकणारी नात, ही सारी कोणीतरी ‘सोडावयास’ येईल तेव्हाच हलणार. माणूस परावलंबी होतो तो वयाने थोडा आणि बसच्या अभावाने फार, असे आम्ही आमच्या परिचयाच्या घरांत पाहिले आहे. मुलींच्या बाबतीत तर प्रश्न आणखी गंभीर. संध्याकाळची गाडी बेभरवशाची, म्हणून उशिराचा वर्ग नको. वर्ग नको म्हणून ती विद्याशाखा नको. असे निर्णय घरात मुकाट्याने होतात व त्याचा दोष कोणाकडेच जात नाही. ८ मार्च २०१८ रोजी महामंडळाने स्त्रियांसाठी ‘तेजस्विनी’ गाड्या सुरू केल्या ही चांगली गोष्ट. पण मुलीस वेगळ्या गाडीपेक्षाही ठरलेल्या वेळी येणारी गाडी अधिक धीर देते.

उपाय म्हणून आम्ही चारच गोष्टी सुचवितो. पहिली, तुरळक गाड्यांचे पुष्कळ मार्ग ठेवण्यापेक्षा मुख्य मार्ग थोडे ठेवून त्यांवर दर दहा मिनिटांनी गाडी द्यावी. दुसरी, सामायिक रिक्षांस हुसकून न लावता त्यांचे मार्ग व दर मंजूर करून, ते फलकावर लिहून, बस व मेट्रो ह्यांच्या स्थानकांशी त्यांची सांगड घालावी. तिसरी, चाकणच्या गाड्या पाळ्यांच्या वेळांशी जुळवाव्यात व त्यांच्या खर्चाचा काही भाग कारखान्यांनी उचलावा. चौथी, गाडी चुकल्यास ती का चुकली हे थांब्यावरील माणसास कळावे. २०२४ साली गाडी कोठे आहे हे दाखविणारे ॲप महामंडळाने काढले, ते उपयोगी आहे. परंतु ॲप गाडी दाखविते, आणीत नाही.

आणि घरांनी काय करावे? १ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘सकाळ’ पत्राच्या पुढाकाराने पुणे व पिंपरी-चिंचवड येथे ‘बस डे’ साजरा झाला. त्या एका दिवशी जादा गाड्या धावल्या आणि मोटारी बाळगणारी माणसेही हौसेने बसमध्ये चढली. दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत झाले, म्हणून पुष्कळांनी त्या प्रयोगाची थट्टा केली. आम्हांस त्यात थट्टेसारखे काही दिसत नाही. गाड्या असल्या तर माणसे येतात, एवढे तर त्या दिवशी सिद्ध झाले. जून २०२५ पासून किमान भाडे ५ चे १० रुपये झाले. अधिक पैसे देणाऱ्यास अधिक नेमाने सेवा मागण्याचा हक्कही आहे. घरातील कर्त्या माणसांनी आठवड्यातून एखादा दिवस तरी बसने जावे. मुलांस दहाव्या-बाराव्या वर्षीच मार्गांचे क्रमांक व थांबे शिकवावेत. आणि तक्रार करावयाची तर नुसता संताप न करता मार्ग, थांबा व वेळ लिहून ती करावी. जी सेवा केवळ निरुपायी लोकच वापरतात, तिच्याकडे लक्ष देण्यास कोणास सवड नसते. सुशिक्षित घरे थांब्यावर उभी राहू लागली म्हणजे गाडीही वेळेवर येऊ लागेल, आणि त्याचे खरे पुण्य लाभेल ते रात्रपाळी संपवून चाकणच्या चौकात उभ्या असलेल्या त्या अनोळखी माणसाच्या घरास.