गोळी बंद कुणी करायची?

दाढ काढायची ठरली की घरातलं कुणीतरी सुचवतंच, ‘ती रक्त पातळ व्हायची गोळी चार दिवस बंद ठेवा.’ सल्ला काळजीपोटी असतो, पण स्टेंट बसून जेमतेम काही महिने झालेल्या माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो.

प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या की गुठळी धरते. अ‍ॅस्पिरिन त्यांच्यातलं एक एन्झाइम कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ते पुन्हा तयार करणं तिला जमत नाही. तिच्या सात-दहा दिवसांच्या आयुष्यात ती पुन्हा पहिल्यासारखी चिकटत नाही. शरीर मात्र रोज नव्या प्लेटलेट्स तयार करतं, म्हणून ७५ मिलिग्रॅमची एवढीशी गोळी रोज घ्यावी लागते. १९८८च्या ‘आयसिस-२’ चाचणीत हार्ट अटॅकच्या सतरा हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला. महिनाभर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले.

स्टेंटच्या जाळीवर आतलं अस्तर चढेपर्यंत प्लेटलेट्स तिथे चिकटायला टपलेल्याच असतात. म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर, बहुधा सहा महिने ते वर्षभर. एखादा दात साधारणपणे गोळी चालू ठेवूनच काढता येतो; रक्त दाबून किंवा टाका घालून थांबवतात. मोठं ऑपरेशन असेल तर सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञांनी मिळून ठरवायचं, घरच्यांनी नव्हे.

आपल्याकडचा खरा घोळ औषधांच्या पाकिटात सापडतो. एका कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकत्र असतं. शेजारी दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली नुसती अ‍ॅस्पिरिन, वेगळ्या नावाची. रुग्ण दोन्ही इमानेइतबारे घेतो. म्हणून स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायची, नाहीतर सगळं पाकीट डॉक्टरांपुढे रिकामं करायचं. गुडघेदुखीवर परस्पर घेतलेली आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या आड येते, आणि ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करतं. पित्तासाठी बरेच डॉक्टर पॅन्टोप्राझोल लिहितात ते यामुळेच. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

डांबरासारखी काळी शौचास झाली, डोक्याला जोराचा मार लागला, तर थेट दवाखाना. पावसाळ्यात डेंग्यूचा संशय आला तरी ही गोळी चालू असल्याचं आधी सांगायचं. प्लेटलेट्स घटलेल्या असताना ती चालू ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टरच ठरवतील.

शेजाऱ्याला चालू आहे म्हणून पन्नाशीनंतर आपणही सुरू करणं हा उलटा वेडेपणा. हृदयविकार वा पक्षाघाताचा इतिहास नसलेल्या बहुतेकांना तिचा फायदा थोडा, पोटात किंवा मेंदूत रक्तस्रावाचा धोका मात्र खरा.

आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर घरात अ‍ॅस्पिरिन शोधत बसू नये. पक्षाघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. दुसऱ्या प्रकारात तीच गोळी घात करते. १०८ लावा, आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा.