तरणतलावात एका लेनमध्ये पोहताना

अंबाडीजवळ तानसा नदीत किंवा विहिरीत पोहायला शिकला असाल, तर ‘लेन’ हा प्रकार नवा वाटेल. मोठ्या, ५० मीटर लांबीच्या तलावात दोऱ्या बांधून लेन आखतात. स्पर्धेत २.५ मीटर रुंदीची लेन एकाचीच. सरावाला मात्र तिघे-चौघे असतात.

दोघे असाल तर अर्धी-अर्धी वाटून घ्या. तिसरा आला की एका कडेने जायचं, दुसऱ्या कडेने परत यायचं. उडी न मारता हळूच उतरा. पुढच्याला गाठलंत तर पायाला हलका स्पर्श करा. तो भिंतीपाशी वाट देईल. दमलात तर कोपऱ्यात थांबा, मध्ये नको.

कारण पोहणाऱ्याचं तोंड पाण्यात असतं. पाठीवर पोहणाऱ्याला तर समोरचं दिसतच नाही. डोक्यावर डोकं आपटलं, तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो.