चांदणी पडव्याची घारी आणि इन्सुलिनची सुई

‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण तापीकाठच्या आम्हां मराठी कुटुंबांसही आता तोंडपाठ झाली आहे. हिवाळ्यात उंधियू आणि पोंक (म्हणजे आपला हुरडाच!), डुमसला टोमॅटोची भजी, आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, उघड्यावर चटया अंथरून घारी. अशा या खवय्यांच्या नगरीत ज्या घरातील मुलास मधुमेह आहे, त्या घराने बाहेर जेवावयास जावे काय? अवश्य जावे, मात्र थोडे गणित करून जावे.

बालवयात बहुधा आढळणारा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. म्हणून ते बाहेरून टोचावे लागते. टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत.

जेवणातील कर्बोदके किती, त्यावर इन्सुलिनची मात्रा ठरते. घरी वाटीचे माप ठाऊक असते. बाहेर वरणात गूळ किती, उंधियूत कंद व रताळी किती, हे कोण सांगणार? म्हणून आम्ही अगोदर ताट समोर येऊ देतो, मग अंदाज करतो.

हा धडा आम्ही ठेच लागून शिकलो. एका भोजनालयात आमच्या धाकट्यास जेवण मागवताच सुई टोचली, आणि जेवण येण्यास पाऊण तास लागला! मूल घामाघूम झाले, हात थरथरू लागले, विनाकारण चिडू लागले. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली होती. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे, साखर पाण्यात विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा रक्त तपासावे. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. तात्काळ रुग्णालय गाठावे. तेव्हापासून साखरेची पुडी आईच्या पिशवीत असतेच.

घारीची गोष्ट निराळी. माव्याचे सारण आणि वर तुपाचा जाड थर. स्निग्ध पदार्थामुळे पचन मंदावते व साखर उशिरा, कधी मध्यरात्रीही चढते. उलट डुमसच्या वाळूत तासभर धावल्यावर ती उतरते. मात्रेत फेरबदल करावयाचा तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. इन्सुलिनची कुपी उन्हात उभ्या मोटारीत कधीही ठेवू नये. उष्णतेने ते निकामी होते.

एक तक्रार मात्र नातलगांविषयी आहे. ‘एका घासाने काय होते?’ म्हणणारे आणि ‘बिचाऱ्याला काही देऊ नका’ म्हणणारे, दोघेही मुलास सारखेच संकोचात टाकतात.

गेल्या चांदणी पडव्यास धाकट्याने स्वतःच रक्त तपासले, आकडा वडिलांस सांगितला, सुई घेतली आणि चुलतभावंडांच्या रांगेत बसून अर्धी घारी खाल्ली. उरलेली अर्धी त्याच्या ताईने मागितली; त्याने ती दिली नाही, सकाळच्या न्याहारीसाठी हिशेबात धरून ठेवली. रात्री दोन वाजता आईने उठून पुन्हा त्याचे बोट टोचले, तेव्हा तो गाढ झोपेत होता.